विहिरीतली पैज

मे महिना लागला की विहिरी पोरांनी गजबजतात. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून शिकलेली पोरं दोन-तीन उन्हाळ्यांत काठावरून मुटके मारू लागतात, आणि मग पैज लागते: एका दमात पाण्याखालून किती फेरे? या पैजेत दगावतो तो बहुधा नवशिका नसतो, चांगला पोहणारा असतो. म्हणून तर लोक म्हणतात, आसरांनी ओढला.

दम कोंडला की जीव कासावीस होतो. तो मुख्यतः प्राणवायू संपत आला म्हणून नव्हे. उच्छ्वासाबरोबर आपण जो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकतो, तो रक्तात साठू लागतो आणि त्यावरून मेंदू ‘श्वास घे’ म्हणून हाकाटी करतो. पैज लावणारा पोरगा मात्र बुडी मारण्याआधी भात्यासारखे दहा-वीस श्वास भराभरा घेतो. त्याला वाटते, प्राणवायूची बेगमी झाली. पण रक्तात प्राणवायू आधीच जवळजवळ भरलेला असतो, त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो. म्हणजे राखणीचा कुत्राच हाकलून दिला! मग पाण्याखाली प्राणवायू खर्चत राहतो, गुदमरल्यासारखे फारसे वाटत नाही आणि एकाएकी शुद्ध हरपते. ना ओरडणे, ना हातपाय झाडणे. बेशुद्धीत श्वास आपोआप घेतला जातो आणि पाणी छातीत शिरते. काठावरचे सोबती तोवर आकडे मोजत असतात.

ही हौस आपल्याच पोरांची आहे असेही नाही. १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये सीन नदीत पाण्याखालून पोहण्याची शर्यतच ठेवली होती. मीटरला दोन गुण, सेकंदाला एक. फ्रान्सच्या द वांदव्हिलने ६० मीटर जाऊन ती जिंकली. डेन्मार्कचा एक गडी त्याच्याहून जास्त वेळ पाण्याखाली राहिला, पण गोल गोल फिरल्यामुळे अंतरात मागे पडला. २०१६ साली फिनलंडमध्ये दोघांनी पायाला माशासारखे पर लावून एका दमात ३०० मीटर गाठले. पण अशा स्पर्धांत वर काढायला माणसे तयार ठेवलेली असतात. आपल्या विहिरीवर कोण असते?

पोरांना पोहू नका म्हणून चालणार नाही. पोहता आलेच पाहिजे. मात्र आयाबापांनी बजावून सांगावे की बुडीपूर्वी भराभरा श्वास घ्यायचा नाही, दमाची पैज लावायची नाही आणि एकट्याने पाण्यात उतरायचे नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या कडा तर निसरड्या असतात, वर चढता येत नाही. तिथे खुंटाला बांधलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा.

बुडालेल्याला वर काढल्यावर पाय धरून उलटा टांगण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असेल तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने त्याला उताणा निजवून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि तोंडाला तोंड लावून पाच वेळा श्वास भरावा. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने व भराभर दाबावे, मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. पोरगा शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. छातीत गेलेले पाणी काही तासांनीही त्रास देते.