शाल, श्रीफळ आणि बागेश्री

माझ्या कपाटात आजमितीस नऊ शाली आहेत. यावरून मी कोणी थोर साहित्यिक किंवा निदान माजी नगरसेवक असेन, असा आपला समज होण्याचा संभव आहे. तसं काही नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला, सकाळी दूध आणणारा आणि कोणी बोलावलं तर 'नाही' म्हणता न येणारा एक साधा पुणेकर आहे. (हे शेवटचं लक्षण पुणेकराचं नव्हे हे मला ठाऊक आहे. मी मूळचा साताऱ्याचा.) पण आमच्या वसाहतीत दर डिसेंबरात सांस्कृतिक सप्ताह असतो, आणि त्यात सत्कार झाल्यावाचून आजवर एकही रहिवासी सुटलेला नाही. माझे सत्कार रक्तदाता म्हणून झाले, ज्येष्ठ नागरिक म्हणून झाले, आणि काहीच कारण सापडेना तेव्हा 'सप्ताहाला सातत्यानं उपस्थित राहणारे रसिक' म्हणूनही झाले.

या शालींना ऊब नसते. एकदा पहाटे फिरायला जाताना मी त्यातली एक पांघरून पाहिली, तर थंडी आरपार गेली. ती अंगावर घेण्यासाठी विणलेलीच नसते मुळी. ती घडी करून ठेवायची आणि पुढच्या सत्काराला द्यायची. तीन वर्षांपूर्वी मंडळाला आयत्या वेळी एक शाल कमी पडली, ती आमच्या हिनं घरून काढून दिली. यंदा तीच माझ्या खांद्यावर आली. कोपऱ्यात हळदीचा डाग होता. हिनं तो तिसऱ्या रांगेतून ओळखला आणि आनंदानं हात हलवला.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण सप्ताहातल्या शुक्रवारी या शालींनी एका बाईंची बागेश्री खाल्ली, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. पुढचं सगळं त्या फिरलेल्या डोक्यानं लिहिलेलं आहे.

आमचा सप्ताह चांगला असतो, हे आधी कबूल करतो. उद्यानासाठी राखून ठेवलेला आणि उद्यान न झाल्यामुळेच मोकळा राहिलेला एक प्लॉट आहे, तिथे मांडव पडतो. सोमवारी चित्रप्रदर्शन, मंगळवारी व्याख्यान, बुधवारी भजन, गुरुवारी मुलांचे कार्यक्रम, शुक्रवारी शास्त्रीय गाणं, शनिवारी चित्रपटगीतं आणि रविवारी जेवण. सगळं फुकट. दारात तिकीट नाही, आत पास नाही. ज्यांना मोठ्या महोत्सवाचं तिकीट परवडत नाही किंवा गुडघ्यांमुळे रिक्षात चढता येत नाही, अशी माणसं चपला घालून चालत येतात आणि समोर बसून जिवंत माणसाचं गाणं ऐकतात.

आता सोमवार. आमच्या वसाहतीतल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी पुण्यातल्या पडलेल्या आणि पडू घातलेल्या वाड्यांची जलरंगातली चौतीस चित्रं लावली होती. वर्षभराचं काम. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि चौतीस चित्रं चार मिनिटांत पाहिली. माझ्या मनगटावर घड्याळ आहे आणि बँकेत असल्यापासून मला मोजायची खोड आहे. त्या चार मिनिटांतही ते तीन ठिकाणी फोटोसाठी थांबले, त्यातलं एक ठिकाण म्हणजे अग्निशामक नळकांडं होतं. पाहुण्यांच्या मागे पंचवीस कार्यकर्ते, आणि ते सगळे पाहुण्यांकडे पाहत होते. त्यानंतर दीड तास भाषणं. भाषणं संपेपर्यंत बटाटेवडे आले. मास्तर चित्रांजवळ उभे होते, कोणी काही विचारलं तर सांगावं म्हणून. मी विचारलं. त्यांनी मला एका वाड्याच्या दिंडीदरवाजाबद्दल वीस मिनिटं सांगितलं, आणि ती त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली वीस मिनिटं होती.

मंगळवारचं सांगत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या शहराला व्याख्यानाचं वळण आहे; त्याचं पुढे काय झालं हे आमच्या मंगळवारी दिसतं. वक्ता पस्तीस मिनिटं बोलला आणि अध्यक्षांनी पन्नास मिनिटांत समारोप केला.

बुधवार मात्र अप्रतिम झाला. त्याचं कारण नीट लक्षात घ्या. बुधवारचे पाहुणे वाहतुकीत अडकले आणि आलेच नाहीत. कार्यकर्त्यांचे चेहरे पडले, पण भजनी मंडळाच्या बायकांनी पंधरा मिनिटं वाट पाहून पखवाजवाल्याला खूण केली, आणि पावणेसातला सुरू झालेलं भजन साडेआठाला संपलं. माणसं ताजीतवानी घरी गेली. एकाचाही सत्कार झाला नाही आणि एकालाही काही झालं नाही.

गुरुवारी मुलं. आपल्या मुलाचा नाच झाला की पालक त्याला घेऊन घरी जातात, त्यामुळे शेवटच्या मुलीचं गाणं तिचे आईवडील, मी आणि खुर्च्यांचा ठेकेदार असे चौघेच ऐकत होतो. तो वेगळा विषय आहे.

शुक्रवार. गाणाऱ्या बाई आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. वय एकाहत्तर. गेली चाळीस वर्षं एका खोलीत तंबोरा घेऊन मुलींना शिकवतात. आमची थोरली त्यांच्याकडे तीन वर्षं जाऊन सा लावायला शिकली आणि मग इंजिनिअर झाली. बाईंची मोठी मैफल कधी झाली नाही. त्या स्वतः कोणाकडे मागायला गेल्या नाहीत आणि लोक त्यांच्याकडे गेले नाहीत. यंदा मंडळानं बोलावलं. महिनाभर आधीपासून संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून रियाज ऐकू यायचा. एकदा भाजी घेताना भेटल्या, तर पिशवीतून कागद काढून दाखवला: साडेसहाला यमन, मग एखादं नाट्यपद, आणि नऊनंतर बागेश्री. "नऊ वाजल्याशिवाय नाही हो गाणार ती," म्हणाल्या.

रागांचं घड्याळ ज्यांना माहीत आहे त्यांना यातली मेख कळेल. बागेश्री हा रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा राग. दुसरा प्रहर नऊ ते बारा. आणि कायद्यानं लाउडस्पीकर दहाला बंद. म्हणजे उघड्या मांडवात रात्रीच्या रागासाठी आपल्या वाट्याला उरतो तो एक तास: नऊ ते दहा. मालकंस, दरबारी वगैरे मंडळी तर उघड्या मांडवातून कधीच उठून गेली. मी तरुण असताना सवाई गंधर्व महोत्सवात घोंगडी आणि थर्मास घेऊन रात्रभर बसलो आहे. १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी सुरू केलेला तो महोत्सव. शेवटच्या रात्रीनंतर ते स्वतः गायला बसत आणि आम्ही उजाडल्यावर घरी जात असू. दहाचा नियम आला आणि ते रात्रभराचं गाणं गेलं.

तरीही मी नियमाच्या बाजूनं आहे. २००० साली हे ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांवर शिक्कामोर्तब केलं, आणि ते झाले तंबोऱ्यामुळे नव्हेत. वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस ही मर्यादा. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर आमच्या खिडकीखालून गेले की कपाटातल्या कपबशा आपोआप वाजतात, तेव्हा त्या मर्यादेचं काय होतं ते पंचेचाळीस डेसिबललाच माहीत. वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण त्यात आमच्या उद्यान न झालेल्या प्लॉटचा नंबर लागणं अशक्य. बंद सभागृहाला हा नियम नाही, पण सभागृहाला भाडं आहे. तेव्हा दहा म्हणजे दहा. बाईंनी ते मान्य करूनच कागद लिहिला होता.

आता माझ्या घड्याळातला हिशेब. साडेसहाचा कार्यक्रम पाहुणे आल्यावर सव्वासातला सुरू झाला. समई पेटेना, वारा होता, आणि प्रत्येक मान्यवराला एकेक वात हवी होती. दहा मिनिटं. स्वागतगीत आणि परिचय, वीस मिनिटं. मग चौदा सत्कार. प्रत्येकी दोन मिनिटं धरा, कारण शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह या चार वस्तू दोन हातांत घेऊन फोटोकडे पाहायचं असतं. मग पाहुण्यांचं भाषण, बावीस मिनिटं. "मला संगीतातलं काही कळत नाही" या वाक्यानं सुरुवात आणि त्याच्या सविस्तर पुराव्यादाखल पुढचं सगळं. मग प्रायोजक. त्यांचं कुकरचं दुकान आहे आणि शिट्टी आणि सूर यांच्या नात्यावर ते दहा मिनिटं बोलले. मग आभार मानणारे: "मी रसिक आणि कलाकार यांच्यामध्ये फार वेळ उभा राहणार नाही," असं म्हणून ते आठ मिनिटं बरोबर मध्ये उभे राहिले. मग सोफे उचला, चादर अंथरा, तंबोरे लावा, तबला मिळवा. बाईंनी पहिला सा लावला तेव्हा नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती. यमन गेला, नाट्यपद गेलं.

विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराचं असतं. म्हणजे पाहुण्यांनी बावीस आवर्तनं खाल्ली. आणि मीही खाल्ली. चौदा सत्कारांत मी अकरावा होतो, 'दोन शब्द' म्हणून मला माईक दिला आणि मी साताऱ्याची एक आठवण सांगितली. साडेतीन मिनिटं. लोक हसले, मला बरं वाटलं. बाई तेव्हा मांडवाच्या मागे लोखंडी खुर्चीवर शाल पांघरून बसल्या होत्या. ती शाल त्यांची स्वतःची होती, लोकरीची.

बाई गात होत्या ते कसं होतं हे मी लिहिणार नाही, तेवढी माझी लेखणी नाही. एवढंच सांगतो, की नऊ अठ्ठेचाळीसला त्यांच्याकडे चिठ्ठी गेली: 'कृपया एक अभंग घ्यावा, वेळ संपत आहे.' बाईंनी ती वाचली, घडी करून पेटीवर ठेवली, आणि पुढचं आवर्तन घेतलं. दहाला हवालदार मांडवाच्या तोंडाशी आला. तो बिचारा काही बोललाही नाही, नुसता उभा राहिला. माईक बंद झाला. बाई थांबल्या नाहीत. आवाज एकदम लहान झाला, तशी मागच्या रांगांतली माणसं उठली आणि पुढे येऊन चादरीच्या कडेशी खाली बसली. गुडघे दुखणारी माणसंसुद्धा. तबलेवाल्यानं हात हलका केला. चार मिनिटं. मग बाईंनी तंबोऱ्याला हात जोडले. हवालदारानं टोपी काखेत धरली होती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात सगळे एकमुखानं काय म्हणाले? "काय करणार, दहाचा नियम!"

हे मला सहन होत नाही. नियमानं एक तास ठेवला होता. सव्वासातापासून पावणेतीन तास आपण स्वतःच्या हातानं वाटून संपवले, आणि त्यातला शेवटचा तुकडा त्या बाईंना दिला. हवालदारानं फक्त चार मिनिटं घेतली असती, तीही त्यानं घेतली नाहीत.

मला सांगण्यात आलं की सत्कार केला नाही तर देणग्या येत नाहीत. मी हे पूर्ण मान्य करतो. बँकेत आयुष्य गेलंय माझं, व्याजाशिवाय ठेव येत नाही हे मला शिकवू नका. देणगीदारांची नावं पत्रिकेवर छापा, फ्लेक्सवर लावा, त्यांना पहिल्या रांगेत बसवून दोन वडे जास्त द्या. आणि सत्कार करायचेच असतील तर गाणं साडेसहाला सुरू करा आणि सत्कार दहानंतर करा. शाल घालायला माईक लागत नाही. नारळ द्यायला तर मुळीच लागत नाही. आपला सत्कार पाहायला रात्री दहानंतर किती माणसं थांबतात हे त्या निमित्तानं प्रत्येकालाच कळेल. माझ्यासाठी आमची ही थांबेल, पण तीसुद्धा डाग ओळखण्यापुरती.

एवढं सगळं मी सप्ताहानंतरच्या बैठकीत बोललो. आवाज चढला माझा. आश्चर्य म्हणजे कोणी विरोध केला नाही. खजिनदारांनी मान डोलावली, भजनाच्या ताईंनी टाळ्या वाजवल्या. सचिव म्हणाले, "काका, शंभर टक्के पटलं. पुढच्या वर्षी बाईंना पुन्हा बोलावू आणि हे असंच करू. पण लोकांना आधी समजावून सांगायला हवं, नाहीतर गैरसमज होतील. तुम्हीच सांगा. शुक्रवारी, गाण्याच्या आधी. वीस मिनिटं पुरतील ना?"

मी जरा विचार केला. विषय तसा मोठा आहे. पंचवीस मागून घेतली.