राजाला नमस्कार, मत गुपित

आधीच सांगून टाकतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मराठी विभागात लिहायची हिंमत पहिल्यांदाच करतोय, आणि तीही एका भांडणामुळे.

भांडण कशावरून? तर राजावरून! २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा माझा रूम पार्टनर मत द्यायला अहेरीकडे गावी गेला होता. परत आल्यावर बोलता बोलता एका उमेदवाराला 'राजे' म्हणाला. मी फिदीफिदी हसलो. म्हटलं, "अरे, कुठल्या जमान्यात राहतोस? राजे संपले, आता आमदार असतात." पुढे अजून बरंच बोललो, ते इथे छापण्यासारखं नाही. त्याने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मेसमध्येसुद्धा दुसऱ्या टेबलवर बसायचा.

खरं सांगू? माझ्या डोक्यातला राजा आपल्याकडचा नव्हताच. तो शाळेच्या पुस्तकातला, मुकुटवाला, बर्फाच्या देशात राहणारा. बारा वर्षं ऑटोत बसून जटपुरा गेटमधून शाळेत गेलो, पण गेटवर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह ही गोंड राजांची खूण आहे हे मला इंजिनियरिंगला आल्यावर कळलं. (तेही ट्रॅफिक जॅममध्ये अडकून वर बघत बसलो म्हणून!) हे शहर खांडक्या बल्लाळशहाने वसवलं असं सांगतात. राणी हिराईने नवऱ्याची, बीरशहाची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ बांधलं. पुढे १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला आणि शेवटचा राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. म्हणजे शहराचा राजा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली.

जंगलातली गोष्ट वेगळी. अहेरी ही कागदोपत्री जमीनदारी, पण लोकांच्या तोंडी राजेच. त्या काळी लोकांना राजाचं एखादं वागणं पटलं नाही तर त्यांनी करायचं काय? १८५८ सालच घ्या. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध लढले. अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंनी त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय २५! आपल्या फायनल इयरच्या पोरांपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा माणूस. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून जप्त केलेल्या जमीनदारीतली गावं मिळाली. त्या गावातल्या एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा, तुला कोण पाहिजे? राजेशाहीशी माझं भांडण आहे ते इथे. मुकुट, पालखी वगैरेशी नाही.

१९५१ मध्ये जमीनदारी कायद्याने गेली (चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि विचारणं सुरू झालं. गंमत म्हणजे लोकांनी पुन्हा राजघराण्यालाच निवडलं. १९७७ मध्ये राजे विश्वेश्वरराव चंद्रपूरहून खासदार झाले. २०१४ मध्ये अहेरीतून अम्ब्रिशराव आत्राम, २०१९ मध्ये त्यांचे काका धर्मरावबाबा. २०२४ मध्ये तर काका, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतण्या, तिघंही एकमेकांसमोर उभे! निवडून आले काकाच.

भांडणानंतर मी नॉर्वेबद्दल वाचलं. १९०५ मध्ये तो देश स्वीडनपासून वेगळा झाला. डेन्मार्कच्या राजपुत्राला गादी देऊ केली तर तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. मतदान झालं, शंभरातल्या जवळजवळ ७९ लोकांनी 'हो' म्हटलं, मग तो हाकोन या नावाने गादीवर बसला. आणि तिथला राजा निवडणुकीला उभं राहणं सोडाच, मतसुद्धा देत नाही, असा रिवाज आहे. मान त्याच्याकडे, सत्ता दुसऱ्याकडे.

हे सगळं मी पार्टनरला मोठ्या रुबाबात ऐकवलं. म्हटलं, बघ, तुमच्याकडे दोन्ही एकाच माणसाला देता. तो शांतपणे म्हणाला, "दसऱ्याले पालखीसमोर वाकतो मी. पाया पडलो म्हनून मत देलं, असं तुले कोन सांगितलं?"

माझी बोलतीच बंद! नॉर्वेवाल्यांनी जे रिवाज करून साधलं, ते हा पोरगा मतदानाच्या खोलीत एकटा उभा राहून करत होता. नमस्कार वेगळा, बटण वेगळं. आणि मी त्याला मागासलेला समजत होतो. शहरातल्या आपल्यासारख्यांना 'राजे' शब्द ऐकला की लगेच गुलामगिरी दिसते. पण मुंबई-दिल्लीत बापाची सीट मुलाला मिळते तेव्हा आपण त्याला राजा म्हणत नाही एवढाच काय तो फरक.

तरी माझं एक म्हणणं मी सोडलेलं नाही. जे काम तिथे रिवाज करतो ते इथे मतदाराच्या एकट्याच्या डोक्यावर का? किती पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला. तेव्हा आमदाराला जाब विचारायचा असतो. समोर 'राजे' उभे असले की जीभ अडखळणारच ना? म्हणून उमेदवारी अर्ज भरला की पाच वर्षं 'राजे' बाजूला ठेवा, साधं 'साहेब' चालेल. आमच्या विंगमधल्या बहुतेकांना हे पटलं.

पार्टनरला नाही पटलं. लेख वाचून म्हणाला, "जीभ तुही अडखळते. आमच्या गावात तोंडावर इचारतेत." आणि दसऱ्याला मला अहेरीला येण्याचं आमंत्रण दिलं. मी जाणार आहे. पालखी आली की वाकायचं की नुसतं बघत उभं राहायचं, यावर सध्या रूममध्ये दुसरं भांडण चालू आहे.