सर्व्हर ‘डाऊन’ आहे, पण कधीपासून आणि कशामुळे?

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा.

परवा आमच्या भागातल्या एका कार्यालयात गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथलं नाव पुसून दुसरं कुठलंही लिहिलं तरी चालेल. खिडकीसमोर एक मावशी उभ्या होत्या. नातवाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, तिसरी फेरी होती. रिक्षाचे पैसे गेले, दिवसाचा रोज बुडला. आतून उत्तर आलं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मावशींनी मान डोलावली आणि निघाल्या. पाऊस पडतोय, लोकल बंद आहे, हे आपण जसं ऐकून घेतो तसंच.

मला खुपलं ते हेच. ‘सर्व्हर डाऊन’ आपण निसर्गाचा कोप समजून बसलोय.

आता माझीच चूक सांगतो. माझं छोटं बातम्यांचं पोर्टल भाड्याच्या एका लिनक्स सर्व्हरवर चालतं. एकदा ऐन मतमोजणीच्या दिवशी ते बंद पडलं. मी हॅकिंगच्या संशयाने चार जणांना फोन केले. शेवटी डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या ओळखीच्या एका पोराने दोन मिनिटांत सांगितलं, "दादा, डिस्क शंभर टक्के भरलीय." सर्व्हर स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. त्या नोंदी साठत गेल्या, जुन्या काढायची सोय मी लावलीच नव्हती, जागा संपली आणि सगळं ठप्प. त्याने विचारलं, "बॅकअप कुठेय?" तो त्याच मशीनवर होता! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं. डिस्क भरत असताना सर्व्हर रोज आकडा दाखवत होता, बघणारा मात्र कोणी नव्हता.

त्या पोराकडून मग बरंच शिकलो. सर्व्हर एकाएकी मरतो असं फार कमी वेळा होतं. हार्ड डिस्क खराब व्हायला लागली की तिच्यातली ‘स्मार्ट’ नावाची सोय बऱ्याचदा आधीच खुणा देते. पंखा मंदावला की तापमान चढतं. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत थकतात. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तर संपायची तारीखच त्यावर लिहिलेली असते. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवली असेल तर एक गेली तरी काम चालू राहतं, आणि धोका तिथेच आहे. पहिली गेल्याचं कोणाला कळत नाही, दुसरी गेली की सगळे डोक्याला हात लावतात. हे सगळं पाहून मोबाइलवर इशारा पाठवणारी नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. खर्च आहे तो लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा.

ऑपरेटिंग सिस्टमचंही तसंच. "आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद केला नाही," असं कोणी छाती फुगवून सांगितलं तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की तीन वर्षांत गाभ्याची, म्हणजे कर्नलची, सुरक्षा दुरुस्ती लागू झालेली नाही. खूप ठिकाणी वापरात असलेल्या सेंटओएस ७ या लिनक्सच्या दुरुस्त्या ३० जून २०२४ ला अधिकृतपणे थांबल्या. आपल्या गावातल्या पतपेढीत, शाळेत, दवाखान्यात त्यानंतर कोणी बदल केला का? विचारून बघा.

आणि लक्ष ठेवणं म्हणजे काय, तर मार्च २०२४ मधली गोष्ट ऐका. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लिनक्समध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने दुर्लक्ष केलं नाही, मुळाशी गेला. एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा ठेवलेला सापडला. अर्ध्या सेकंदाने जगभरातले सर्व्हर वाचले. आपल्याकडे तीन-तीन दिवस खिडकी बंद असते आणि त्याची साधी नोंद होत नाही.

दुर्लक्षाची किंमतही आपण पाहिलीय. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि ऑनलाइन कारभार अडकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असेच कुलूपबंद झाले, आणि देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कितीतरी दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. अशा वेळी वाचवतो तो वेगळ्या जागी ठेवलेला आणि परत चालवून तपासलेला बॅकअप.

आता खास तळोज्याचं. इथल्या हवेबद्दल मी नवीन काय सांगणार? २०१७ मध्ये आपले निळे कुत्रे जगभर गाजले. रात्रीचा तो वास आपण सगळे ओळखतो. पैंजण-जोडवी काळी पडतात ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. संगणकाच्या बोर्डावरही तांबं आणि चांदीच असते. २००६ पासून युरोपच्या नियमामुळे शिसं काढून बोर्ड बनू लागले, काहींवर चांदीचा पातळ थर आला, आणि गंधकाच्या हवेत तो गंजल्याच्या तक्रारी वाढल्या. म्हणून सर्व्हरच्या खोलीत महिनाभर तांब्याची पट्टी ठेवून गंज मोजायची पद्धत आहे. महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दोन हजाराव्या भागापेक्षा, कमी थर असेल तर हवा सौम्य समजतात. त्यात आपल्याकडचा पावसाळी दमटपणा धरा. अशा हवेत सर्व्हर उघड्या खिडकीशेजारी, टेबलाखाली, फायलींच्या गठ्ठ्यात ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य आपल्या हाताने कमी करणं. याच पनवेल तालुक्यात २०२० साली ७,२०० रॅक क्षमतेचं योट्टाचं डेटा सेंटर उभं राहिलं. तिथे जनरेटर आहेत, थंड हवा आहे, चोवीस तास पहारा आहे. आणि आपल्या कार्यालयातल्या मशीनवरची धूळ पुसायला कोणी नाही.

काहीजण म्हणतील, खिडकीवरचा बिचारा कर्मचारी काय करणार? खरंय, दोष त्याचा नाही. बरेचदा मुख्य सर्व्हर मुंबईत व्यवस्थित चालू असतो आणि बिघाड असतो इथल्या राउटरमध्ये, किंवा रस्ता खोदताना तुटलेल्या केबलमध्ये. पण सगळ्याला एकच शब्द, ‘डाऊन’. त्या शब्दाआड कोणाची जबाबदारी आहे तेच दिसेनासं होतं.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. पुरेशा कारणाशिवाय उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मग ‘सर्व्हर डाऊन’ हे पुरेसं कारण आहे का, हे ठरवायला नोंद नको का?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, प्रत्येक खिडकीवर फळा लावा: यंत्रणा कधी बंद पडली, नेमकं काय बिघडलं, कधी सुरू होईल. दोन, देखभालीच्या कंत्राटात फक्त ‘बिघडल्यावर दुरुस्ती’ नको, रोजची देखरेख आणि महिन्याचा अहवाल हवा. तीन, दर तीन महिन्यांनी बॅकअप परत चालवून दाखवा. चार, बंद काळातही अर्ज कागदावर घ्या आणि तारखेची पोच द्या.

आपणही एक करायचं. पुढच्या वेळी "सर्व्हर डाऊन" ऐकलं की मान डोलावून निघू नका. शांतपणे विचारा, "कधीपासून? कशामुळे?" आणि तेवढं कागदावर लिहून मागा. मी माझ्यापुरती वही सुरू केलीय. तुमच्याकडची तारीख, वेळ आणि कार्यालय मला कळवा, महिनाभराची यादी घेऊन आपण वरिष्ठांकडे जाऊ.

त्या मावशींना दाखला चौथ्या फेरीला मिळाला. चार फेऱ्यांचा रोज कोण देणार, तेवढं मात्र कुठल्याच सर्व्हरवर नोंदलेलं नाही.