कोंबडे झाकण्याची वेळ

म्हातारीने कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण मी वर्षानुवर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. मुले हसतात, मीही हसतो. पण शेतावर कोंबड्या आल्यापासून त्या म्हातारीविषयी माझ्या मनात आदर वाढू लागला आहे. सूर्याला अडवण्यासाठी तिने कोंबड्यावर डालगे पालथे घातले, असे ज्याला वाटले त्याने स्वतः कधी कोंबडी पाळली नसावी. बिचारीने ते मुंगसाच्या भीतीने घातले असणार!

आमचे शेत म्हणजे पारोळा-अमळनेरच्या बाजूला असलेला दोन एकरांचा तुकडा. मी धुळ्याहून रविवारी जातो. बाकीचे सहा दिवस त्या शेताची आणि तिथल्या पंचवीस-तीस गावरान कोंबड्यांची धनीण म्हणजे राखणीला असलेल्या मावशी. कोंबडी मोकळी सोडायची की कोंडायची, हा प्रश्न मी एकदा त्यांच्यापुढे मोठ्या तात्त्विक थाटात मांडला. मावशींनी ज्वारी पाखडता पाखडता अहिराणीत निकाल दिला, "भाऊ, दिनभर ती तिनी मालकीन, रातले आपन तिना राखनदार." कुक्कुटपालनाचे एवढे थोडक्यात सांगितलेले शास्त्र मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेले नाही.

दिवसाची कोंबडी खरोखरच स्वावलंबी असते. मोठ्या कोंबडीला दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणे लागते. पण ती मोकळी असली की गवताचे कोंब, पडलेले दाणे, किडे, गांडुळे वेचून यातला बराच वाटा स्वतःच मिळवते. संध्याकाळी मूठभर ज्वारी-बाजरी टाकली की भागते. पिलांसाठी मावशी एक युक्ती करतात. जुन्या मडक्यात ओलसर शेण आणि पाचोळा भरून ते वाळवीच्या जागेवर पालथे घालतात. एक-दोन दिवसांत त्यात वाळवी भरते आणि पिलांना फुकटचे पौष्टिक जेवण मिळते. घराचे दार खाणारी वाळवी अशी कोंबडीचे पोट भरते, हा न्यायच म्हणायचा.

मोकळे सोडायचे म्हणजे उघड्या माळावर सोडायचे, असे मात्र नव्हे. खानदेशचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी टाकून धापा टाकणे, हाच तिचा पंखा. तेव्हा शेवगा, बाभूळ, लिंब यांची दाट सावली आणि मातीच्या परळात दिवसातून दोन-तीनदा बदललेले गार पाणी, ही तिची पहिली गरज. झाडाझुडपांचा दुसरा उपयोग म्हणजे घारीपासून आडोसा. कोंबडा या कामी फार हुशार. आकाशात घार दिसली तर तो एक हाक देतो आणि जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आले तर दुसरी. पहिली ऐकली की कोंबड्या झुडपात दबून बसतात, दुसरी ऐकली की माना उंचावून पाहू लागतात. आमच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत. कोंबड्याचे दोन शब्दांत भागते आणि त्यावर सगळ्यांचे प्राण वाचतात!

एक सावधगिरी मात्र कापसाच्या मुलखात घ्यावीच लागते. पेरणीचे बी औषध चोळलेले असते आणि पुढे पिकावर फवारण्या होतात. पेरणी-फवारणीच्या दिवसांत कोंबडीला त्या वावरात फिरकू देऊ नये. घारीला पाहून लपणारी कोंबडी विषाचा दाणा ओळखत नाही.

रात्र पडली की मात्र या मालकिणीचे काही चालत नाही. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. ती जिथे बसेल तिथे निमूट बसून राहते, आणि मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना हे पक्के ठाऊक असते. म्हणून खुराडे भक्कम हवे. बाजारातली षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच चौकोनी भोकांची जाड तारेची जाळी घ्यावी. ती जमिनीत फूटभर गाडावी, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. आत बसायला दांड्या असाव्यात, वारा वरच्या बाजूने खेळता असावा आणि तिन्हीसांजेला कोंबड्या मोजूनच कडी घालावी. हे मोजणे महत्त्वाचे. कोंबड्या आपल्या पायांनी घरी येतात, कडी मात्र कुणीतरी आठवणीने लावावी लागते.

हे झाले दिसणारे शत्रू. न दिसणाऱ्यांतला एक म्हणजे मानमोडी. १९१८ साली माणसांत आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या मानमोडीला शास्त्रीय व्यवहारात राणीखेत म्हणतात. कुमाऊँतल्या त्या सुंदर गावाचे नाव या रोगाला चिकटले, ते तिथे १९२७च्या सुमारास तो आढळला म्हणून. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात आणि बघता बघता सगळे खुराडे रिकामे होते. यावर औषध नाही, लस आहे. पिलाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि पुढे सात-आठ आठवड्यांनी सुई. पण मेख अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांपुरती येते, ती बर्फात ठेवून न्यावी लागते आणि कालवल्यावर काही तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्या असलेल्या बाईने ती एकटीने आणून काय करावे? म्हणून साऱ्या पाड्याने एकच दिवस ठरवावा, हाच उपाय. कोंबडीचे स्वावलंबन हे असे शेजाऱ्यांवर अवलंबून असते.

आणि एकदा या मुलखाने याहूनही मोठे संकट पाहिले. २००६ सालच्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. देशातल्या पाळीव कोंबड्यांतली ती पहिली नोंद. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८पर्यंत ते आमच्या धुळे जिल्ह्यातच होते. तिथली साथ मोठाल्या शेडमधली. पण मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही खेड्यांत घरोघरच्या कोंबड्यांतही हा रोग सापडला. साथ थांबवायची तर आसपासचे सगळे पक्षी मारावे लागतात, निरोगीसुद्धा. ते करणे भागच होते, कारण हा रोग क्वचित माणसालाही होतो आणि झाला तर जिवावर बेततो. सरकारने भरपाई दिली. अंडी देणारीला ४० रुपये, मांसाच्या पक्ष्याला ३० आणि पिलाला १०.

शेडवाल्याची कोंबडी एका रकमेत मोजता येते. तो पुन्हा पिले मागवतो आणि शेड पुन्हा भरते. पण अंगणातल्या कोंबडीचा हिशेब असा नसतो. ती बहुधा घरातल्या बाईची असते. मुलाची वही, अचानक आलेले आजारपण, माहेरचा पाहुणा, हे सारे त्या कोंबडीवर आणि तिच्या अंड्यांवर निभावते. शिवाय त्या कोंबडीत एक विद्या असते, ती विकत मिळत नाही. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, शेडमधली तीनशेच्या घरात. पण गावरान कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते, पिलांना पंखाखाली घेते, माती उकरायला शिकवते आणि घारीवर धावून जाते. हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराजा या सुधारित जाती चांगल्याच आहेत. अंगाने भरतात, अंडी अधिक देतात. पण खुडूक बसण्याची वृत्ती त्यांच्यात फारशी उरलेली नाही. त्यांची पुढची पिढी पुन्हा उबवणी केंद्रातूनच आणावी लागते. ज्या कोंबडीला आपली पिले आपण काढता येत नाहीत, तिला किडे कितीही वेचता आले तरी स्वावलंबी कसे म्हणावे?

म्हणून मोकळ्या कोंबडीचे रक्षण म्हणजे केवळ जाळी आणि कडी नव्हे. २०२१ साली नवापूरला बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हा हे धोके मिटलेले नाहीत हे उघड आहे. नव्या कोंबड्या आणल्या तर तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. रानपक्षी उतरतात त्या डबक्यावर आपल्या कोंबड्या पाण्याला जाऊ देऊ नयेत. दोन-चार पक्षी एकदम दगावले तर ते हाताळू नयेत, खाऊ नयेत, विकू तर मुळीच नयेत. ताबडतोब गुरांच्या दवाखान्यात कळवावे. लपवलेली मर शेजारणीचे खुराडेही रिकामे करते.

वाचकहो, या दिवाळीत बाजारात गावरान अंडे घेताना भाव जरा चढा वाटला, तर घासाघीस करण्यापूर्वी एवढे आठवावे. त्या भावात दाणा थोडाच असतो, तो कोंबडीने स्वतः मिळवलेला असतो. आपण पैसे देतो ते रोज तिन्हीसांजेला कोंबड्या मोजणाऱ्या कुण्या बाईच्या जागेपणाचे. तो जागेपणा परवडेनासा झाला, तर अंडी शेडमधून येतच राहतील. पण एकवीस दिवस जागची न हलणारी ती कोंबडी मात्र कुठूनही मागवता येणार नाही.