नाव अजून दिलेलं नाही

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग सुरू होतोय म्हणून पाळकांनी मुलांची नावं मागितली. चौघांनी दिली, माझ्या लेकीनं दिलं नाही. "मी अजून ठरवलं नाही," एवढंच ती म्हणाली, तेही नीट, पाळकांच्या डोळ्यांत बघून. उपासना सुटल्यावर चपला घालताना एका मावशींनी मला सलाम केला आणि हात धरून विचारलं, "घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडली का गं?" माझा नवरा शेजारीच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

तो प्रश्न आठवडाभर माझ्यासोबत राहिला. पोर चर्चपासून लांब गेलं की जाब आईला विचारायचा, ही आमच्यातली जुनी रीत आहे. आमच्या घरांत विश्वास पुढे गेला तो बहुतेक बायकांच्या तोंडून, हेही खरंच. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं येतात. बाप ग्रीक होता, एवढंच 'प्रेषितांची कृत्ये' सांगतं. त्याचं नाव दिलेलं नाही. तीमथ्याला बाळपणापासून शास्त्र ठाऊक होतं असं पत्रात पुढे येतं. पण त्या दोघी ते कधी शिकवायच्या, दळताना की निजवताना, हे कुठे लिहिलेलं नाही. मी ते माझ्या आईवरून ताडते.

आई नेवासे तालुक्यातली. १९८१ साली मला कडेवर घेऊन वाशीला आली, सिडकोच्या एका खोलीच्या घरात. रेल्वे वाशीला पोचली १९९२ साली. तोवर मराठी उपासनेसाठी आम्ही रविवारी पहाटे बस धरून, खाडीपूल ओलांडून भायखळ्याला जायचो. आईला वाचता जेमतेम येई. पण 'उपासना संगीत' तिला जवळजवळ तोंडपाठ होतं, त्यातही नारायण वामन टिळकांची पदं. भाकरी थापताना ती म्हणायची आणि थापेबरोबर तिचा ताल चालायचा. संध्याकाळी दिवे लागले की आम्हा तिघा भावंडांना बसवून ती प्रार्थना करी. ती पाळकांसारखी नसे. नगरकडच्या बोलीत, अरेतुरे करत ती देवाशी बोलायची. नळाला पाणी आलेलं नाही, धाकट्याचा खोकला जात नाही, शेजारणीला नवऱ्यानं मारलं, सगळं ती त्याच्या कानावर घालायची, आणि कधी रुसून मध्येच थांबायची. देवाशी भांडता येतं, हे मी पहिल्यांदा तिथं ऐकलं.

तिनं आणखी एक गोष्ट दिली, आणि तिची किंमत मला उशिरा कळली. शाळेच्या अर्जावर धर्माचा रकाना असतो. आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना आजही मिळत नाही. जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली जात नाही, हे गावात राहिलेल्या कुणालाही विचारावं. आमच्या नात्यातल्या काहींनी कागदावर एक धर्म लिहिला आणि रविवारी चर्चला आले. मी त्यांना दोष देत नाही. शिष्यवृत्तीवर ज्यांच्या मुलाचं कॉलेज अवलंबून होतं त्यांना दोष देणारी मी कोण? पण आईनं तिन्ही मुलांच्या प्रत्येक अर्जावर 'ख्रिस्ती' लिहायला लावलं. ती स्वतः लिहीत नव्हती, आमच्याकडून लिहून घ्यायची आणि अक्षर लागलं की नाही ते बोटानं तपासायची. शब्बाथशाळेतल्या कुठल्याही वचनापेक्षा माझ्यात ते बोट खोल गेलं आहे.

आता माझ्या घराकडे बघते. मी नोकरीवरून नेरूळला उतरते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. प्रार्थना होते, पण जेवणं उरकून, पेंगत. लेक इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे तिच्या तोंडी प्रार्थनेचे शब्द इंग्रजीच येतात. मला ते ऐकताना परक्या घरात बसल्यासारखं वाटतं. आमच्या मजल्यावर एक मल्याळी कुटुंब आहे. त्यांची मुलंही इंग्रजी शाळेत जातात, पण जपमाळ मल्याळममध्ये म्हणतात, कारण आई दुसऱ्या भाषेत सुरूच करत नाही. वसईतली एक मैत्रीण तिच्या आजीबद्दल असंच सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. आजीला त्यातला शब्द कळत नसे. तिची खरी उपासना घरी, चुलीजवळ, कुपारी बोलीत चालायची. विधीची भाषा परकी असतानाही त्या बायकांनी विश्वास घरच्या बोलीत सांभाळला. मला विधी मराठीत मिळाला आणि घरची बोली मी हातातून निसटू दिली. मावशींच्या प्रश्नातला एवढा भाग माझ्यावर आहे आणि मी तो मान्य करते.

पण लेकीनं नाव दिलं नाही याचा जाब मी देणार नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो. तिथून आल्यापासून माझं मन त्यांच्या एका भांडणाकडे परत परत जातं. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथं २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला, सोबत लेक मनोरमेचाही. नंतर रमाबाई शिकायला-शिकवायला चेल्टनहॅमला गेल्या तेव्हा मनोरमा बराच काळ वाँटेजच्या सिस्टरांकडे असे. मुलीला धर्माचं काय शिकवायचं, यावरून सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात तेव्हा पत्रांतून जुंपली. रमाबाईंना सिस्टरांच्या पंथाचे सगळे सिद्धांत पटलेले नव्हते. जे आपल्याला पटलेलं नाही ते कोवळ्या पोरीच्या डोक्यात दुसऱ्या कुणी भरू नये, हे त्यांनी ठणकावून लिहिलं. एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासानं उतरवलं ते दुसऱ्याचं चढवून घ्यायला नव्हे, ही त्यांची भूमिका होती. खाण्यापिण्याचे नियमही त्यांनी सोडले नाहीत, शाकाहारी राहिल्या. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयावर असलेली पंचविशीतली विधवा आई हे लिहीत होती.

ही ताकद त्यांना कुठून आली? त्यांच्या आईकडून, असं माझं ठाम मत आहे. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी रमाबाईंना संस्कृत शिकवलं, पुराणं मुखोद्गत करून घेतली. १८८७ चं रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक, बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांनी आलेलं, त्याच आईच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. लेकीनं आईचा धर्म सोडला होता. पण आईनं शिकवलेली शास्त्र स्वतः वाचण्याची सवय तिनं सोडली नाही. त्याच सवयीनं पुढे हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. ते केडगावच्याच छापखान्यात तयार झालं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण बाहेर आलं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवऱ्यानं, म्हणजे नारायण वामनांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या, रडल्या, झगडल्या. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेल्या या बाईनं जातीचा विचार आधी स्वतःच्या डोक्यानं सोडवला आणि मग बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त तो सगळा प्रवास त्यांनी काही न लपवता सांगितला. त्यांचा लहानगा मुलगा दत्तू त्या काळात त्यांच्याजवळ होता. आईला ठरवायला वेळ लागला, हे त्यानं जवळून पाहिलं असणार.

मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या या दोन बाया केवढ्या अभिमानाच्या! नाताळात त्यांची नावं व्यासपीठावरून घेतली जातात. त्यांनी घेतला तेवढा वेळ मात्र पंधरा वर्षांच्या मुलीला आम्ही देत नाही. मंडळीत शब्बाथशाळेच्या शिक्षिका सगळ्या बायाच. वचनं त्या पाठ करून घेतात, रांगेत उभं करतात, नाटुकलं बसवतात. मुलानं वर्गात शंका विचारली तर उत्तर द्यायला त्यांना मोकळीक नाही आणि वेळही नाही. अर्ध्या तासात हजेरी, गीत, गोष्ट आणि दान उरकायचं असतं. दृढीकरण म्हणजे बाळपणी दुसऱ्यांनी घेतलेली शपथ मुलानं स्वतःच्या तोंडानं घेणं. ती स्वतःची असायची तर नाही म्हणायची वाट उघडी असली पाहिजे. पाळकांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि यादी पुढच्या रविवारपर्यंत खुली ठेवली.

घरी मी दोन बदल केले. प्रार्थना जेवणाच्या आधी आणली, आणि माझी पाळी असली की मी ती आईसारखी करते, नगरच्या बोलीत. पहिल्या दिवशी माझाच आवाज मला ओळखू येईना. लेक डोळे उघडे ठेवून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं आजीचं 'उपासना संगीत' कपाटातून काढायला लावलं. पानं सुटलेली, कडेला पिठाची बोटं. एक पद तिला वाचता आलं, चाल आली नाही. मी म्हणून दाखवलं.

काल रात्री भांडी आवरताना मी तिला रमाबाईंच्या त्या पत्रांची गोष्ट सांगितली, आई लेकीसाठी कशी भांडली ते. तिनं हातातलं ताट पुसून ठेवलं.

"मनोरमा तेव्हा केवढी होती, आई? बाप्तिस्मा झाला तेव्हा?"

"दोन वर्षांची. थोडी जास्त."

"मग तिला कुणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, नाही. तिनं पुढचं ताट घेतलं. रविवारला अजून तीन दिवस आहेत.