जुनं ते सोनं वगैरे (स्टार ट्रेकपुरतं)

'जुन्या स्टार ट्रेकमध्ये असलं काही नव्हतं राव. निखळ करमणूक होती.'

हे वाक्य मी गेल्या सात-आठ वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, गंमत वाटते. २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' आली. तिची नायिका एक कृष्णवर्णीय बाई, यानावर एक समलिंगी जोडपं, आणि तेव्हापासून हे पालुपद सुरू झालं. जगभर सुरू आहे आणि आमच्या येडशीतही आहे. येडशीत स्टार ट्रेकचे चाहते आहेत म्हटलं की पुण्याची मंडळी हसतात. हसू देत बापडी.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती मालिका लागायची. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ मध्ये दाखवून संपलीसुद्धा होती, आमच्यासाठी मात्र कोरी करकरीत. पडद्यावरच्या मुंग्यांमधून मधेच कर्क दिसायचा, मधेच टोकदार कानांचा स्पॉक. इंग्रजी सगळं डोक्यावरून. मग आम्ही पोरं मिळून एक गोष्ट जुळवायचो, बहुधा चुकीची. त्यातली बरीच पोरं आता पन्नाशी ओलांडून लातूर, पुणे, हैदराबादला आहेत. श्रावणात रामलिंगाला म्हणून गावी जमतात, आणि दर्शन, धबधबा, जेवण झालं की वादाला बसतात. हल्ली पुढची पिढीही सोबत असते, त्यामुळे वादाला जरा धार आलीये. 'काका, तुमच्या त्या मालिकेतले दगड पुठ्ठ्याचे होते,' असं माझा पुतण्या माझ्या चुलतभावाला म्हणाला तेव्हा घरातलं वातावरण दिवसभर तंग होतं.

पुठ्ठ्याचे होतेच की. त्यात काय?

जुन्यांची एक तक्रार असते की नवे लेखक जुन्या कथेची मोडतोड करतात. उदाहरणार्थ खान. १९६७ च्या भागात सांगितलं होतं की खान नूनियन सिंग नावाचा (बहुधा शीख!) हुकूमशहा १९९० च्या दशकात पाव जगावर राज्य करेल. काम केलं होतं मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबानने, चेहरा रंगवून. १९९० चं दशक आलं आणि गेलं, खान काही आला नाही. मग २०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'ने त्याचा काळ पुढे ढकलला. यावर माणसं चिडतात. मला हे चिडणं कळत नाही. आमच्या रामलिंगाच्या दरीत जटायूची समाधी आहे. जटायू पडला तो इथेच. नाशिककडच्या टाकेदचे लोक सांगतात तो तिथे पडला, आंध्रातल्या लेपाक्षीचे सांगतात तो त्यांच्याकडे. आजवर कुणी एकमेकांवर खटला भरल्याचं ऐकिवात नाही. गोष्ट जिवंत असली की ती सरकते. (२०१३ च्या सिनेमात मात्र खान चक्क गोरापान इंग्रज नट झाला, ते मला अजून पचलेलं नाही. म्हणजे पूर्ण निःपक्षपाती मीही नाही!)

असो. खरा वाद त्या 'निखळ करमणूक'चा आहे.

१० जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेत दाखवलेला एक भाग आहे, 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड'. मी तो फार उशिरा पाहिला, संगणकावर. यानावर दोन परग्रहवासी येतात. दोघांचेही चेहरे उभे अर्धे काळे, अर्धे पांढरे. एक दुसऱ्याला ५०,००० वर्षं पकडायला धावतोय, कारण तो हलक्या जातकुळीचा. कर्क आणि स्पॉक बघत राहतात, त्यांना काही फरकच दिसत नाही. तेव्हा तो पाठलाग करणारा चिडून सांगतो की माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी पांढरी. शेवटी त्यांच्या ग्रहावर जाऊन बघतात तर एकमेकांना मारून सगळे संपलेत. तरीही ते दोघे धावतच राहतात.

समीक्षक म्हणतात हा भाग अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांवर आहे. असेल. पण मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला तो कशावर वाटेल? काळा-गोरा फरक परक्यालाही दिसतो. बाहेरून आलेल्याला अजिबात दिसत नाही, आतल्याला मात्र आडनाव ऐकताच दिसतो, तो फरक आपल्याकडचा. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात घरं जळली. माणसं मेली. नाव लागायला १९९४ उजाडलं. दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघायचो ते सगळं याच्या अधल्यामधल्या वर्षांत.

आणि हा काही एकटाच भाग नव्हे. त्या यानावर उहुरा होती. तिचं काम करणाऱ्या निशेल निकोल्सला पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायची होती आणि मार्टिन ल्यूथर किंगनी तिला थांबवलं, असं ती स्वतः सांगायची. शीतयुद्धाच्या ऐन भरात तिथे चेकॉव्ह नावाचा रशियन बसला होता. १९९८ च्या 'फार बियाँड द स्टार्स' या भागात एका काळ्या लेखकाची कथा छापत नाहीत, कारण तिचा नायक काळा आहे. यात राजकारण नव्हतं म्हणे!

माझा एक मित्र आहे, जुन्या मालिकेचा कट्टर भक्त. तो अर्ध्या चेहऱ्यांचा भाग त्याने माझ्याआधी पाहिलाय, संवाद पाठ आहेत. त्याच्या घरी सालगड्याचा चहाचा कप आजही वेगळा असतो, ओट्याखाली पालथा घातलेला. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, 'त्याचा नि याचा काय संबंध? ती परग्रहाची गोष्ट आहे.'

इथे मी अडकतो. मी नेहमी जुन्यांच्या बाजूने असं म्हणत आलो की आडून सांगण्यात ताकद असते, ज्याला थेट सांगितलं तर तो उठून जाईल त्याला गोष्ट बसवून ठेवते. खरंय, मित्र बसला. ३० वर्षं बसला. आणि काहीही न लागता उठला. मग नव्या मालिका सगळं तोंडावर, ठासून, डोळ्यांत पाणी आणून सांगतात त्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? पुतण्याचं म्हणणं असं की आडून सांगितलेलं ज्यांना कळायचं त्यांना आधीच कळलेलं असतं, आणि ज्याच्याबद्दल गोष्ट आहे त्याला आडोशाचा काय उपयोग, त्याने कधीतरी पडद्यावर स्वतः दिसायला नको का? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

तरी 'डिस्कव्हरी' मला कंटाळवाणी वाटते, पण कारण वेगळं. दर वर्षी सबंध विश्वच बुडायला निघतं आणि ते फक्त नायिकाच वाचवू शकते. विश्व बुडत असताना कपबशीबद्दल बोलायला वेळ कुणाला? जुन्यात एका तासात एक ग्रह, एक पेच, आणि पुढच्या रविवारी दुसरा. १९८९ च्या 'द मेझर ऑफ अ मॅन' मध्ये प्रश्न एवढाच की डेटा नावाचा यंत्रमानव सरकारी मालमत्ता आहे की माणूस. एक खोली, एक खटला. बास.

आणि हा गुण वयावर नाही. २०२२ पासूनची 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' पुन्हा भागागणिक गोष्ट सांगते. तिचा कप्तान पाईक हा तर मूळ मालिकेच्या १९६५ मध्ये नाकारल्या गेलेल्या पहिल्या नमुना-भागातला, म्हणजे कर्कच्याही आधीचा. आता ती जुनी की नवी ते तुम्हीच ठरवा. उलट त्या सोन्यासारख्या जुन्या मालिकेचा १९६९ चा शेवटचा भाग बघा, त्यात यानाची कप्तानी बायकांना मिळत नाही यावर सगळं रचलंय. बाई कप्तान म्हणून मालिकेच्या मध्यभागी बसायला १९९५ ची 'व्हॉयेजर' यावी लागली, आणि तेव्हाही चाहते कुरकुरलेच. १९८७ मध्ये टक्कल असलेला पिकार्ड आला तेव्हाही कुरकुरले होते. आज तेच त्याची शपथ घेतात.

यंदाच्या श्रावणात मी पुतण्याला आणि त्या मित्राला एकत्र बसवून अर्ध्या चेहऱ्यांचा भाग लावणार आहे. चहा मी करणार, सगळ्यांना सारख्या कपात. पुठ्ठ्याच्या दगडांचा नमुना म्हणून पुतण्याला 'स्पॉक्स ब्रेन'ही बघायचाय. तो मात्र कुणालाही दाखवण्याच्या लायकीचा नाही.