सायकलवरून चार्ल्स्टन

अमेरिकेच्या दक्षिणेकडची जुनी शहरे मोटारीतून बघू नयेत, हे आमचे मत चार्ल्स्टनने पक्के केले. साउथ कॅरोलायना राज्यातली ही इंग्रजांची वसाहत 1670 सालची, दहा वर्षांनी ती आजच्या जागी हलली. ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधली चिंचोळी, सपाट जमीन. चढ असा नाहीच. भाड्याच्या दोन सायकली, पाण्याच्या बाटल्या आणि डब्यात खिम्याचे पराठे घेऊन आम्ही दोघे सकाळीच निघालो. डब्याचे कारण सांगून ठेवतो. तिथे कोळंबी मुबलक, पण तिच्यात किंवा तिथल्या तांबड्या भातात डुकराच्या मांसाचे तुकडे टाकायची पद्धत आहे. विचारून खावे, नाहीतर घरचे खावे.

समुद्राच्या बाजूची घरे देखणी आहेत. अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबच लांब व्हरांडे आतल्या अंगाला. ईस्ट बे स्ट्रीटवर फिक्या रंगांची तेरा घरे एका ओळीत उभी आहेत, तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी. टोकाच्या बागेतून लांबवर सम्टरचा किल्ला दिसतो. 1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध तिथूनच पेटले. वारा छान होता, आम्ही थोडे रेंगाळलो.

चामर्स स्ट्रीटला मात्र सायकलवरून उतरावेच लागते. गोल दगडांचा रस्ता, चाक धड चालत नाही. याच रस्त्यावर गुलामांच्या बाजाराची जुनी इमारत आहे, आता तिथे संग्रहालय आहे. भर रस्त्यात माणसे विकायला शहराने 1856 मध्ये मनाई केली. व्यापाऱ्यांनी धंदा बंद केला नाही, भिंतीआड नेला. या शहराच्या जुन्या विटांमध्ये कुठे कुठे बोटांचे ठसे दिसतात. विटा पाडणाऱ्या गुलामांचे, त्यांच्या पोरांचे. ओल्या मातीत उमटले आणि भाजून पक्के झाले. ते कळल्यावर देखण्या भिंतींकडे बघायची नजर बदलते.

तिथून उत्तरेला कूपर नदीच्या काठी गॅड्सडेनचा धक्का. आम्ही खरे तर याच जागेसाठी आलो होतो. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे उत्तर अमेरिकेत सर्वांत जास्त उतरली ती याच शहरात. 1808 पासून अशी माणसे बाहेरून आणायला कायद्याने बंदी झाली, तिच्या आधीच्या शेवटच्या काळात गुलामांची जहाजे या धक्क्यालाच लावायचा नियम होता. आता तिथे 2023 मध्ये उघडलेले आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचे मोठे संग्रहालय आहे. जमिनीला ओझे नको म्हणून इमारत खांबांवर उचलली आहे. खाली फरशीवर जहाजात खेटून झोपवलेल्या माणसांच्या आकृती कोरल्या आहेत. त्यांच्यावरून पाणी येते आणि ओसरते.

1807 मध्ये चार्ल्स्टनला आलेल्या जहाजांपैकी एकात उमर इब्न सईद होते. आजच्या सेनेगलमधल्या फुता तोरोचे, पंचवीस वर्षे दीनी इल्म घेतलेले आलिम. वय सदतीसच्या आसपास. दीड महिन्याचा समुद्रप्रवास आणि मग विक्री. मालक दुष्ट निघाला म्हणून ते पळाले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला एका प्रार्थनाघरात नमाज पढायला शिरले, तिथे पकडले गेले. तुरुंगाच्या भिंतींवर त्यांनी कोळशाने अरबी लिहिले, असे सांगतात. पुढे ओवेन कुटुंबाने त्यांना विकत घेतले. मरेपर्यंत ते गुलामच राहिले.

1831 मध्ये त्यांनी आपली हकिकत अरबीत लिहिली. अमेरिकेतल्या गुलामाने अरबीत लिहिलेले, आज हाती असलेले असे आत्मचरित्र हे एकच.

धक्क्यावरच्या बाकावर डबा उघडला आणि आमच्यात वाद झाला. उमर यांचा बाप्तिस्मा झाला होता, चर्चलाही जात. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, कागदोपत्री आहे ते मान्य करावे, उगाच आपला म्हणून ओढू नये. दुसरीचे म्हणणे, ज्याच्या अंगावर दुसऱ्याची मालकी आहे त्याच्या होकाराला होकार कसे म्हणायचे? आणि मालकाच्या घरात बसून लिहिताना या माणसाने सुरुवात केली ती बिस्मिल्लाहने, मग नबींवर दरूद आणि मग सूरह मुल्क. मुल्क, म्हणजे सत्ता, मालकी! मायदेश सोडून चोवीस वर्षे झालेली. आठवून आठवून लिहिली.

वाद मिटला नाही. जोहरची वेळ झाली, गवतावर चादर अंथरून नमाज पढलो आणि पुन्हा पेडल मारायला लागलो.

ते हस्तलिखित 2017 पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे आणि इंटरनेटवर फुकट बघता येते. अक्षर मगरिबी वळणाचे, आपल्या सवयीचे नाही. पण ज्या घरांत निजण्यापूर्वी सूरह मुल्क पढली जाते, तिथल्या मुलांपुढे पहिले पान ठेवून बघा. थोडी अडखळतील, मग पुढचे न बघताच म्हणू लागतील.